“बाई, हे पुस्तकात कुठं आहे?”

“मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते, यंदा अकरावं वर्ष. माझी मुलं अभ्यासू आहेत. प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या झोपेतून उठवून विचारली तरी सांगतील, समीकरणासकट. गेल्या महिन्यात सहज विचारलं, ‘एवढंसं बी, त्याचं मोठ्ठं झाड होतं, मग ते सगळं लाकूड आलं कुठून?’ अख्खा वर्ग म्हणाला, ‘मातीतून.’ दहा मिनिटांपूर्वी याच मुलांनी फळ्यावर समीकरण लिहिलं होतं! तेव्हा ठरवलं, आता सुटं सुटं शिकवायचं नाही. दोन रात्री बसून मोठा संकल्पना नकाशा तयार केला. पान, हवा, पाणी, साखर, श्वसन, ज्वलन, सगळं बाणांनी जोडलेलं. मुलांनी तो वहीत उतरवून घेतला आणि पाठ केला. चाचणीत हुबेहूब काढला, बाणांच्या दिशांसकट. लाकडाचा प्रश्न पुन्हा विचारला, पुन्हा ‘मातीतून’. वर्गात पहिली येणारी मुलगी डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, ‘बाई, हे पुस्तकात कुठं आहे?’ पालक म्हणतात, वेळ घालवू नका, नोट्स द्या. माझं चुकतंय कुठं?”
– एक शिक्षिका

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचल्यावर आधी मनात आली ती ती मुलगी. तिच्याकडे मी शेवटी येते. त्याआधी तुमच्या नकाशाबद्दल बोलू, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

तो नकाशा करताना तुम्ही काय केलंत ते आठवा. ‘श्वसन’ कुठे ठेवू? साखरेपासून बाण काढू की ऑक्सिजनपासून? ज्वलन आणि श्वसन शेजारी ठेवले तर चालतील का? तुम्ही खोडलंत, पुन्हा काढलंत, मध्येच पुस्तक उघडून खात्री केलीत. त्या दोन रात्रींत खरं शिकणं झालं, पण ते झालं तुमचं. मुलांच्या हाती आलं ते पूर्ण झालेलं चित्र. चित्राचं ती काय करणार? व्याख्येचं जे केलं तेच. आपण जोडून दिलेली गोष्टसुद्धा मुलांच्या दृष्टीनं पाठ करायची आणखी एक गोष्टच असते. धागा ज्याचा त्यानं ओवावा लागतो. तुमचं चुकलं म्हणाल तर एवढंच, की सगळ्यात मोलाचं काम तुम्ही मुलांसाठी घरून करून आणलंत. मायेपोटी आणलंत, पण आणलंत.

संकल्पना नकाशा मुळात कशासाठी जन्माला आला ते सांगते. 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोवाक आणि त्यांचे सहकारी मुलांची विज्ञानाची समज वर्षानुवर्षं कशी बदलत जाते ते पाहत होते. मुलाच्या डोक्यात कोणती गोष्ट कशाला जोडलेली आहे, ते कागदावर दिसावं म्हणून त्यांनी ही रीत काढली. म्हणजे तो मुलाच्या मनाचा नकाशा. शिक्षकानं काढून द्यायची ती आकृती नव्हे. त्यामागचा विचार डेव्हिड ऑसुबेल या मानसशास्त्रज्ञाचा होता. 1968 साली त्यांनी आग्रहानं मांडलं होतं की, शिकण्यावर सगळ्यात जास्त परिणाम करणारी गोष्ट म्हणजे शिकणाऱ्याला आधीपासून काय माहीत आहे ती. ते आधी शोधा आणि त्यावरून पुढे शिकवा.

नोवाकांच्या नकाशात आणखी एक गोष्ट असते आणि ती बहुतेक वर्गांत गळून पडते. प्रत्येक रेघेवर शब्द लिहायचे असतात. नुसता ‘पान → हवा’ असा बाण कुणीही काढेल, न समजताही काढेल. त्या बाणावर लिहायला सांगा. एक मूल लिहील, ‘पान हवा घेतं’. दुसरं लिहील, ‘पान हवा शुद्ध करतं’. तिसरं लिहील, ‘पान हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतं आणि त्यातला कार्बन साखरेत ठेवतं’. बाण तिघांचेही सारखे, पण तीन मुलं तीन वेगळ्या ठिकाणी उभी आहेत, आणि हे तुम्हाला एका मिनिटात दिसेल. तुमच्या मुलांनी चाचणीत काढलेल्या नकाशांच्या रेघांवर काही लिहिलेलं होतं का, बघा.

आता एक गोष्ट ठामपणे सांगते, कारण घोकंपट्टीला नावं ठेवता ठेवता पुष्कळदा पाठांतराचाच तिरस्कार सुरू होतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ज्याला कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बन असतो हेच ठाऊक नाही, तो लाकडाचा उलगडा कसा करणार? चेस आणि सायमन या मानसशास्त्रज्ञांचा 1973 चा बुद्धिबळाचा प्रयोग प्रसिद्ध आहे. खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवला, तर कसलेला खेळाडू बहुतेक सोंगट्या जागच्या जागी आठवून मांडतो आणि नवशिक्याला मोजक्याच जमतात. पण सोंगट्या कशाही विस्कटून ठेवल्या की कसलेल्याचा तो वरचष्मा जवळजवळ नाहीसा होतो. त्याची स्मरणशक्ती काही दैवी नसते. त्याला सोंगट्यांमधली नाती दिसतात, म्हणून त्या लक्षात राहतात. तुमच्या मुलांकडे सोंगट्या आहेत, आणि ते थोडं भांडवल नाही. त्यांना डाव अजून दिसलेला नाही.

तो दिसावा म्हणून मी स्वतः काय केलं होतं ते सविस्तर सांगते, कारण माझ्याही वर्गाचं उत्तर ‘मातीतून’ हेच होतं.

व्हान हेल्मोंट नावाचा एक फ्लेमिश वैद्य होऊन गेला. त्यानं कुंडीत 200 पौंड कोरडी माती घातली आणि 5 पौंडांचं विलोचं रोप लावलं. पाच वर्षं फक्त पाणी घातलं. शेवटी झाड तोललं तर 169 पौंडांहून थोडं जास्त. माती पुन्हा वाळवून तोलली तर घट साधारण दोन औंस, म्हणजे पौंडाचा आठवा भाग. हे त्याच्या मृत्यूनंतर, 1648 साली छापलं गेलं. मी फळ्यावर एवढेच चार आकडे लिहिले आणि काहीही समजावून सांगितलं नाही. पाच मिनिटं, वह्या बंद, प्रत्येकानं कागदावर लिहायचं: वाढलेले 164 पौंड कुठून आले? ‘मातीतून’ म्हणणाऱ्यांना आकडाच आडवा आला. मी ‘चूक’ म्हणण्याची गरजच पडली नाही. मग बहुतेकांनी लिहिलं, ‘पाण्यातून’.

हेल्मोंटनंही हेच म्हटलं होतं. आणि इथून गोष्ट फार सुंदर होते. याच माणसानं 62 पौंड कोळसा जाळला, तर मागे एक पौंड राख उरली. बाकीचे 61 पौंड एका अदृश्य पदार्थाच्या रूपात निघून गेले असं तो म्हणाला. त्या पदार्थाला नाव हवं म्हणून त्यानं ‘गॅस’ हा शब्द तयार केला. आज आपण त्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतो. बघा, लाकडाचा कोळसा जळून हवेत वायू जातो हे त्याला ठाऊक. झाड मातीतून वाढत नाही हेही ठाऊक. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या डोक्यात, दोन्ही त्यानं स्वतःच्या हातांनी तोललेल्या, आणि मधला धागा मात्र त्याच्याकडून ओवला गेला नाही.

मी मुलांना कोळशाचे आकडे दुसऱ्या दिवशी दिले आणि एकच वाक्य बोलले: “हे दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा.” वर्गात बराच वेळ शांतता. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी हातही वर करत नसे, हळूच म्हणाला, “जळताना हवेत गेलं, म्हणजे वाढताना हवेतूनच आलं असणार ना?” आणि लगेच पुढे, जरा मोठ्यानं, “मग लाकूड म्हणजे हवाच की!” वर्गात गलका झाला. कुणी म्हणालं, हवेला वजन कुठे असतं? कुणी म्हणालं, आणि मग ती राख? एका मुलीनं राखेचा धागा ओढत थेट मातीपर्यंत नेला: मातीतून जी थोडीशी खनिजं आली, ती जळत नाहीत, तीच राख. ते दोन औंस तिला दिसले होते. त्यानंतर मी समीकरण लिहिलं, तेव्हा मुलं ते वाचत होती, म्हणत नव्हती. वाळलेल्या लाकडात वजनानं जवळजवळ निम्मा कार्बन असतो हे मी तेव्हा सांगितलं, आधी नाही. आधी सांगितलं असतं तर तो एक आकडा झाला असता. तेव्हा सांगितलं म्हणून तो पुरावा झाला.

यात माझं कौशल्य फार नव्हतं. मला जड गेलं ते गप्प बसणं. मेरी बड रो या संशोधिकेनं 1970 च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा असं दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात आणि मग स्वतःच उत्तर देतात किंवा दुसऱ्याला उठवतात. हीच वाट तीन सेकंद किंवा त्याहून जास्त पाहिली तर उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होतं, मुलं एकमेकांच्या बोलण्याला उत्तर देऊ लागतात. सेकंदभरात फक्त पाठ असलेलंच बाहेर येऊ शकतं, ताई. जोडायला वेळ लागतो. प्रश्न विचारल्यावर मनात सावकाश पाचपर्यंत मोजा. पहिले काही दिवस तो काळ फार लांब वाटेल.

आणि ‘समजलं का?’ हा प्रश्न सोडूनच द्या. त्याला ‘हो’ याशिवाय दुसरं उत्तर नसतं.

रोजच्या तासाला हेल्मोंट मिळत नाही, हे खरं. रोजच्यासाठी एक साधी सवय पुरते. धडा वाचताना वाक्यावाक्याला थांबायचं आणि मुलानं स्वतःच्या शब्दांत सांगायचं: याचा अर्थ काय, हे असं का, आणि आधी वाचलं त्याच्याशी याचं काय नातं. 1994 मध्ये मिशेलिन ची या संशोधिकेनं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठवीच्याच मुलांवर हे करून पाहिलं. विषय होता मानवी रक्ताभिसरण. 14 मुलांना प्रत्येक ओळीनंतर स्वतःला समजावून सांगायला लावलं, 10 मुलांनी तोच मजकूर दोनदा वाचला. समजावून सांगणाऱ्यांची समज अधिक वाढली, विशेषतः जिथे उत्तर मजकुरात सरळ दिलेलं नव्हतं अशा अवघड प्रश्नांत. गट लहान होते हे मान्य, पण वर्गात करून पाहायला याला खर्च काही नाही. एक परिच्छेद घ्या, अख्खा धडा नको. जोड्या करा. एक सांगेल, दुसरा फक्त ‘का?’ विचारेल. मुलं अडखळतील. नेमकं अडखळतात तिथेच धागा तुटलेला असतो, आणि तो तुम्हाला ऐकू येतो.

दुसरं एक काम मला फार आवडतं, ते म्हणजे धड्यांच्या भिंती पाडणं. पुस्तकात मूलरोम एका धड्यात, फुप्फुसातले वायुकोश दुसऱ्यात, लहान आतड्यातले बोटांसारखे उंचवटे तिसऱ्यात, माशाचे कल्ले आणखी कुठेतरी. प्रत्येकाखाली ‘पृष्ठफळ वाढते’ असं वाक्य असतं आणि मुलं ते चार वेळा वेगवेगळं पाठ करतात. ही नावं चिठ्ठ्यांवर लिहा, त्यांत ‘लाकडाचा भुसा ओंडक्यापेक्षा पटकन पेटतो’ ही चिठ्ठी टाका, आणखी पाच-सहा भलत्या चिठ्ठ्या मिसळा आणि म्हणा, गट पाडा. मुलं आधी ‘वनस्पती’, ‘प्राणी’, ‘शरीर’ असे गट पाडतील. याच मिशेलिन ची यांनी सहकाऱ्यांसोबत 1981 मध्ये भौतिकशास्त्राची गणितं अशीच गटांत लावायला दिली होती. नुकतंच यांत्रिकी शिकलेल्या विद्यार्थ्यांनी ‘उताराची गणितं’, ‘स्प्रिंगची गणितं’ असे गट पाडले. जाणकारांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेसारखं तत्त्व पाहून गट पाडले. म्हणजे मुलांनी वरवरचे गट पाडले तर खट्टू होऊ नका, सुरुवात तिथूनच होते. मग विचारा, भुशाची चिठ्ठी कुणाशेजारी बसेल?

त्यावर लगेच गणित करून घ्या. 10 सेंटिमीटर बाजूचा लाकडी ठोकळा, पृष्ठफळ 600 चौरस सेंटिमीटर. त्याचे एक-एक सेंटिमीटरचे तुकडे केले तर तुकडे 1000, एकूण पृष्ठफळ 6000. लाकूड तेवढंच, हवेला भिडणारी जागा दहापट. हे स्वतः काढलेल्या मुलाला वायुकोश इतके बारीक आणि इतके असंख्य का, हे वेगळं शिकवावं लागत नाही. आणि गणिताच्या तासाला शिकलेलं घन आणि पृष्ठफळ विज्ञानाच्या तासात उपयोगी पडलं याचं मुलांना जे आश्चर्य वाटतं ना, ते मला वर्षभर पुरतं.

परीक्षेबद्दल थोडं कडक बोलते. तुम्ही नकाशा ‘काढा’ म्हणून गुण दिलेत, मुलांनी काढला. मुलं आपलं बोलणं ऐकत नाहीत, आपली प्रश्नपत्रिका ऐकतात. प्रत्येक चाचणीत एक तरी प्रश्न असा ठेवा, ज्याचं उत्तर वहीत कुठेही नाही, पण ज्याला लागणारं सगळं वहीत आहे. ‘बंद काचेच्या बरणीत रोप महिनोन्महिने जगलं, बरणीचं एकूण वजन वाढलं का?’ असा. तपासताना मुद्दे मोजू नका. बिग्ज आणि कॉलिस यांनी 1982 मध्ये उत्तरांच्या ज्या पायऱ्या मांडल्या त्या माझ्या उपयोगी पडल्या: एकच मुद्दा सांगणारं उत्तर, अनेक सुटे मुद्दे सांगणारं, मुद्दे एकमेकांना जोडणारं, आणि ती जोडणी नव्या ठिकाणी नेणारं. सहा सुटे मुद्दे लिहिणारा मुलगा आणि तीनच मुद्दे लिहून त्यांच्यात ‘म्हणून’ घालणारा मुलगा, यांत मी दुसऱ्याला जास्त गुण देते, आणि का देते ते वर्गात आधीच सांगते.

पालकांच्या नोट्सबद्दल. नोट्स द्या, त्याला माझा विरोध नाही. पण वाचून झाल्यावर वही मिटून आठवेल ते लिहायचं, मग ताडून पाहायचं, हा नेम त्यांच्यासोबत द्या. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी दाखवलं की, पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हापुन्हा वाचणारे पुढे असतात, पण आठवड्यानं तपासलं तर न बघता आठवून लिहिणारे पुढे जातात. पुढचं पाठ मागचं सपाट का होतं, याचं कारण पालकांना एवढ्यात पटतं. त्यांना गुणांची काळजी आहे, आणि ती रास्त आहे.

वेळ कमी पडेल. वर्षभरातल्या सगळ्या धड्यांना असं करता येणार नाही, तसा प्रयत्नही करू नका. तीन-चार मोठ्या कल्पना निवडा, जिथे अनेक धडे येऊन मिळतात. पदार्थ नाहीसा होत नाही, ही एक. ऊर्जा रूप बदलते, ही दुसरी. तिथे ठाण मांडून बसा, बाकीचं भरभर शिकवा.

आता ती मुलगी. आजवर आपण जे मागितलं ते सगळं तिनं दिलंय. व्याख्या मागितली, दिली. नकाशा मागितला, बाणांसकट दिला. आणि एके दिवशी न सांगता आपण खेळाचे नियम बदलले. तिच्या पायाखालची जमीन सरकली, म्हणून ती रडवेली झाली. अशी मुलं मला नेहमी अधिक जपावीशी वाटतात, कारण मागे पडलेल्या मुलाकडे आपलं लक्ष जातं, पहिल्या नंबराच्या भीतीकडे जात नाही. तिला वर्गासमोर अवघड प्रश्न विचारू नका. एकटीला गाठा आणि पुस्तक तिच्यासमोर उघडून खरं उत्तर द्या: “अर्धं या पानावर आहे, अर्धं ज्वलनाच्या धड्यात आहे. मधलं कुठंच छापलेलं नाही, ते तुला लिहायचंय.” हेल्मोंटची गोष्टही तिला आधी सांगा. इतक्या काटेकोर माणसाच्या हातूनही ते राहून गेलं होतं, हे ऐकून तिला धीर येईल.

आणि तिच्याकडून उत्तराऐवजी प्रश्न मागा. दोन वेगळ्या धड्यांतल्या गोष्टी लागतील, पण ज्याचं उत्तर कुठल्याच पानावर तयार सापडणार नाही, असा एक प्रश्न आठवडाभरात तयार करून आण, म्हणा. तिचं पाठांतर इथे फार कामी येईल, सगळं पुस्तक तिच्या डोक्यात आहे. पुढच्या चाचणीत तो प्रश्न घाला, तिचं नाव न सांगता. तिनं काय विचारलं, ते मला जरूर कळवा.